पेसमेकर असताना हार्टचं पंपिंग कशावर बघायचं, इको की एमआरआय?

बाबांना पेसमेकर बसवून ४ वर्षं झाली, आता जिना चढताना धाप लागायला लागली म्हणून डॉक्टरांनी पंपिंग चेक करायला सांगितलं आणि घरात चर्चा सुरू. भावाचं म्हणणं डायरेक्ट एमआरआयच करू, महाग आहे म्हणजे चांगलाच असणार. ज्यांच्या घरी हाच वाद चाललाय त्यांच्यासाठी लिहितोय.

टूडी इकोत फक्त आवाजाच्या लहरी, पेसमेकरला काहीही होत नाही, सेटिंगलाही हात लावायला लागत नाही. डाव्या कुशीवर झोपवतात, छातीवर गार जेल, अर्ध्या तासात मोकळे. मी स्क्रीनकडेच बघत बसलो होतो, उजव्या कप्प्यात लीडची (पेसमेकरपासून हार्टमध्ये जाणारी वायर) पांढरी रेघ झडपेतून आरपार गेलेली दिसत होती, आणि त्या वायरमुळे झडप लीक होतेय का ते डॉपलरच्या रंगात तिथल्या तिथे कळतं. गंमत म्हणजे इको (१९५३) आणि शरीरात बसवायचा पेसमेकर (१९५८), दोन्हींची सुरुवात स्वीडनमधलीच.

एमआरआयचा व्याप मोठा. पेसमेकर आणि लीड दोन्ही सहसा एमआरआय-कंडिशनल (म्हणजे ठरावीक अटी पाळून एमआरआयमध्ये चालणारे) लागतात, स्कॅनआधी पेसमेकर एमआरआय मोडवर टाकायला माणूस लागतो, नंतर परत पहिल्यासारखा करायला पण. आत जुनी बंद पडलेली लीड राहिली असेल तर बरीच सेंटर्स नाहीच म्हणतात. त्यात पेसमेकरच्या डबीची काळी सावली इमेजवर पडू शकते. पण ईएफ (एका ठोक्यात डावा कप्पा किती टक्के रक्त बाहेर टाकतो तो पंपिंगचा आकडा) मोजायला सगळ्यात अचूक एमआरआयच मानतात, आणि हार्टच्या स्नायूत व्रण किंवा सारकॉइड (सूजेचा एक आजार) शोधायचा असेल तर इको तिथे कमी पडतो, हे भावाला मान्य करावं लागलं.

इकोची गोम आहे ती आकड्यात. पेसिंग (पेसमेकरने ठोका देणं) उजव्या कप्प्यातून होत असेल तर मधला पडदा वेडावाकडा हलतो, मग नुसत्या नजरेने अंदाज केला की ईएफ चुकतो. आमच्या घराजवळच्या सेंटरवर ५५ आला, आठवड्याने जिथे पेसमेकरच्या आधीचा इको केला होता तिथे नीट मोजून ४५!! आधीचा होता ६०. म्हणून रिपोर्टवर सिम्पसन पद्धत (कप्प्याची कड आखून ईएफ मोजणं) लिहिलीय का बघा, जमलं तर स्ट्रेन (स्नायू किती आकसतो त्याचं इकोतलंच माप) पण करून मागा, कारण ईएफ घसरायच्या आधी बऱ्याचदा स्ट्रेन बिघडलेला दिसतो. आणि जुना रिपोर्ट घेऊनच जा, तो नसेल तर नवा आकडा नुसता लटकत राहतो.

टीईई म्हणजे घशातून नळी घालतात तो इको, तो मुख्यतः लीडला इन्फेक्शन झालंय का वगैरेसाठी, पंपिंगसाठी कोणी सुचवला तर का ते विचारा. जाड छाती किंवा दम्यामुळे इकोत चित्रच धड येत नसेल तर कॉन्ट्रास्ट इको (शिरेतून औषध देऊन चित्र ठळक करतात) किंवा मुगा स्कॅन (रक्तात किरणोत्सारी औषध मिसळून पंपिंग मोजतात), मुगात थोडं रेडिएशन असतं.

आमचं म्हणाल तर इकोवरच थांबलो, पण त्याच दिवशी पेसमेकर पण चेक करून घेतला, तर खालच्या कप्प्याचं पेसिंग ९७ टक्के निघालं, म्हणजे जवळपास सगळे ठोके पेसमेकरचेच. हे साधारण २० टक्क्यांच्या वर असलं की पंपिंगवर लक्ष ठेवतात, आणि ईएफ १० पॉइंटने पडून ५० च्या खाली गेला तर, बाकी कारणं नसतील तर, पेसिंगवरच संशय घेतात. आता डॉक्टर तिसरी लीड टाकून सीआरटी (दोन्ही खालचे कप्पे एकत्र चालवणारा पेसमेकर) करायचं म्हणतायत. भाऊ अजून एमआरआय सेंटरचे रेट काढतोय.