उद्यमबागेतलं क्रँक ग्राइंडिंग आणि आमचा एचएमटी २५११

दुकानाचं नाव लिहिणार नाही. मालकांनीच हात जोडले, "मामा, नाव तेवढं टाकू नका. हाय तेच काम उरकंना झालंय." तेव्हा पत्ता एवढाच समजा : बेळगावात तिसऱ्या रेल्वे गेटाकडून खानापूर रोडला लागायचं, उद्यमबागेत शिरायचं आणि कुठल्याही फाउंड्रीच्या दारात उभ्या असलेल्या माणसाला विचारायचं, ट्रॅक्टरची क्रँक कुणाकडं टाकू? जिकडं जास्त हात दाखवतील तिकडं जायचं. क्रँक म्हणजे पिस्टनांच्या जोरावर फिरणारा इंजिनाचा मुख्य दांडा. बाहेर बोर्ड आहे, पण धुरानं एवढा काळवंडलाय की नाव लिहिलं असतं तरी तुम्हाला वाचता आलं नसतं.

आम्ही बाचीकडचे. भात, रताळी आणि पाटाच्या कडेला थोडा ऊस. घरात एचएमटी २५११ आहे, दोन सिलिंडर, २५ हॉर्सपॉवर. वडिलांनी घेतलेला. गावात आता पन्नास एचपीचे ट्रॅक्टर आहेत, पण आमच्या तुकड्यांत ते वळेपर्यंत बांध निम्मा खाली येतो. रताळ्याची सरी सोडायला आणि भाताच्या चिखलाला हाच बरा. शिवाय डिझेल कमी पितो, आणि मुख्य म्हणजे उघडला की आतलं सगळं डोळ्यांना दिसतं. सेन्सर नाही, वायरींचा गुंता नाही. ज्याला पाना धरता येतो त्याला हा ट्रॅक्टर घरच्या घरी सांभाळता येतो.

अडचण सुट्या भागांची. एचएमटीचं मुख्यालय बेंगळूरला, पण ट्रॅक्टर बनायचे हरियाणात, पिंजोरला. १९७१ साली झेकोस्लोव्हाकियाच्या झेटर कंपनीच्या सहकार्यानं ते सुरू झालं आणि २०१६ च्या ऑक्टोबरात केंद्र सरकारनं तो कारखाना बंद करायचा निर्णय घेतला. आता पिस्टन, लायनर, रिंगांचे सेट मिळतात ते बाहेरच्या कारखान्यांचे. काही चांगले असतात, काहींचं नुसतं खोकं देखणं. म्हणजे आपल्या इंजिनात जो अस्सल लोखंडी माल शिल्लक आहे, तो जपून वापरायचा. क्रँक त्यात पहिली. ती कुणाच्या मशीनवर चढवायची हा प्रश्न म्हणून मोठा, आणि हे सगळं लिहायचं कारणही तेच.

इंजिन धूर मारत होतं. ब्रीदरमधून, म्हणजे इंजिनातली वाफ बाहेर सोडणाऱ्या नळीतून, फकफक चालायची आणि तासभर रोटर मारला की ऑइलच्या दाबाचा काटा खाली झोपायचा. सेट टाकायचाच होता, पण काटा झोपतोय म्हटल्यावर नुसत्या पिस्टन-लायनरवर भागणार नव्हतं. उन्हाळ्यात रान रिकामं असताना गोठ्याशेजारच्या शेडमध्ये ट्रॅक्टर मधून फोडला. क्लच हाउसिंगखाली सागाचे ओंडके, वर चेन ब्लॉक, पुढची बाजू हळूहळू ओढून वेगळी. लायनर म्हणजे पिस्टन ज्यात वरखाली होतो ती नळी. २५११ ला लायनर ओले, म्हणजे बाहेरून पाणी खेळतं. ते घरी निघतात आणि घरीच बसतात, बोरिंगला न्यायची गरज नाही. खालच्या रबरी रिंगांना साबणाचं पाणी लावायचं आणि लायनर सरळ रेषेत दाबायचा. वाकडा दाबला तर रिंग कापली जाते आणि मग ऑइलमध्ये पाणी. लायनरची वरची कडा ब्लॉकच्या किंचित वर राहायला हवी, नाहीतर गॅस्केटला पकड मिळत नाही. हे सगळं आपल्या हातचं.

जर्नल, म्हणजे क्रँकचा बेअरिंगमध्ये फिरणारा गोल भाग, मोजणं आणि घासणं हे मात्र आपल्या हातचं नव्हे.

गावातल्या मिस्त्रीनं क्रँकवर नुसतं नख फिरवून सांगितलं होतं, "सरळ तीस करून आणा, बेअरिंग तीसची मिळत्यात." ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी : दर खेपेला जर्नल ठरलेल्या मापानं बारीक करतात आणि तेवढी जाड बेअरिंग घालतात. दहा, वीस, तीस, चाळीस थाऊ (इंचाचा हजारावा भाग), म्हणजे साधारण पाव, अर्धा, पाऊण आणि एक मिलिमीटर. चाळीसच्या पुढं बहुधा नवी क्रँक शोधायची, आणि एचएमटीची नवी क्रँक शोधायची म्हणजे कुणाचा तरी भंगारातला ट्रॅक्टर शोधायचा. आमची आधीच दहावर होती. बेअरिंगच्या पाठीवर ०.२५ असा शिक्का होता.

उद्यमबागेतल्या ह्या दुकानात कानडी मालक आणि हाताखाली दोन पोरं. मालकांनी क्रँक टेबलावर घेतली, डिझेलनं धुतली, कॉटन वेस्टनं कोरडी केली आणि मायक्रोमीटर काढला. प्रत्येक जर्नल दोन्ही टोकांना मोजलं, मग क्रँक काटकोनात फिरवून पुन्हा मोजलं. आकडे पांढऱ्या मार्करनं क्रँकच्या पाखावर लिहिले. एक जर्नल जवळजवळ गोल, दुसरं बऱ्यापैकी ओव्हल. मग व्ही-ब्लॉकवर ठेवून डायल लावला आणि क्रँक वाकली नाही ना ते बघितलं. तोवर पैशांचं नाव नाही. मी तीसचं म्हटल्यावर त्यांनी मार्करचं टोक त्या ओव्हल जर्नलच्या आकड्यावर टेकवलं.

"सुमने (उगाच) कशाला काढायचं री मामा? वीसमध्ये साफ होतंय. तीस तुमच्या पोराला ठिवा."

माझ्या लेखी दुकानाचं परीक्षण इथंच झालं. तीस केली असती तर त्यांचं काहीच बिघडलं नसतं, मजुरी तेवढीच. माझी मात्र एक पायरी फुकट गेली असती. आधी माप, मग बोलणं असं करणारी माणसं इकडं कमी आहेत, आणि माप लिहून दाखवणारी त्याहून कमी.

दुसरी गोष्ट, नव्या बेअरिंग आणि पिस्टनला क्रँकशी जोडणारे कनेक्टिंग रॉड आणून दिल्याशिवाय ते मशीन सुरू करत नाहीत. बेअरिंग रॉडमध्ये बसवून, कॅप आवळून, आतलं माप बोअर गेजनं घेतात आणि मग त्या मापाला धरून जर्नल घासतात. खोक्यावर वीस लिहिलंय म्हणून आतलं माप वीसचंच निघेल असं नाही, आजकालच्या मालात तर नाहीच. जर्नलच्या दोन्ही कडांची गोलाई राखायची असते, कोपरा धारदार राहिला तर क्रँकला तडा तिथूनच जातो. त्यासाठी चाक आधी कडेला गोल करून घेतात. ह्यांनी ते माझ्यासमोर केलं. घरी आल्यावर माझ्या आयटीआयच्या वेळच्या मायक्रोमीटरनं पुन्हा मोजलं, लिहिलेल्यापेक्षा वेगळं काही निघालं नाही.

हेडही, म्हणजे व्हॉल्व्ह असलेलं इंजिनाचं वरचं झाकण, नेलं होतं. फेसिंग करून, म्हणजे तळ घासून सपाट करून टाका म्हटलं, तर त्यांनी पट्टी ठेवून फीलर (फट मोजायची पातळ पाती) सरकवून बघितला आणि हेड परत माझ्याकडं ढकललं. सरळ आहे, लागत नाही. एक्झॉस्टचे व्हॉल्व्ह ज्यावर बसतात त्या सीट तेवढ्या कापून दिल्या. व्हॉल्व्ह पेस्ट लावून घासायचं काम मी घरीच करतो, त्यात मजा असते. सीटवर सगळीकडून सारखी राखाडी पट्टी उमटेपर्यंत फिरवत राहायचं. मग हेड आडवं ठेवून पोर्टमध्ये रॉकेल ओतायचं आणि जेवून यायचं. व्हॉल्व्हखाली ओल आली नसेल तर काम झालं. रॉकेल आता कुठं मिळतं म्हणाल तर डिझेल ओता, फरक पडत नाही.

आता तक्रारी. पहिली वेळेची. "नाळे बर्री", म्हणजे उद्या या, हे तिथलं घोषवाक्य समजा. मृगाच्या तोंडावर खानापूर, बैलहोंगल, चंदगड, सगळीकडची इंजिनं तिथं दाटतात आणि फोन उचलणं बंद होतं. माझी क्रँक कबूल केलेल्या तारखेनंतर बराच काळ कोपऱ्यात पडून होती, आणि दरवेळी वेंगुर्ला रोडनं हिंडलगा ओलांडून शहराच्या पार दुसऱ्या टोकाला जायचं म्हणजे सकाळ गेली. पावसाच्या आधी इंजिन हवं असेल तर मार्चअखेर टाका. मे महिन्यात जाऊन नंतर मला शिव्या देऊ नका.

दुसरी तक्रार जास्त गंभीर. क्रँक "धुवून दिल्या" म्हणून हातात आली. घरी ऑइलच्या भोकांतून तारेला कापड गुंडाळून ओढलं तर राखाडी चिकट लगदा निघाला. ती चाकाची भुकटी. ती तशीच राहिली असती तर नव्या बेअरिंगचं पहिल्या दिवशीच वाटोळं. पुन्हा डिझेल, पुन्हा तार, मग शेजाऱ्याच्या कंप्रेसरची हवा, कापड पांढरं येईपर्यंत. मालकांना सांगितलं तर पोरावर ओरडले आणि विषय संपला. एवढं बारकाईनं मोजणाऱ्या माणसाच्या दुकानात हे व्हायला नको. बाकी कुठल्याही दुकानातून क्रँक आणली तरी हे एकदा करायचंच, त्यांच्या धुण्यावर विसंबू नका.

तिसरी किरकोळ : पक्कं बिल मिळत नाही, सिगारेटच्या पाकिटामागं आकडा लिहून देतात. क्रँक आणि सीट मिळून तीन हजारांच्या आतबाहेर पडले. शहरात दुसरीकडं ह्याहून कमी सांगत होते, पण तिथं मायक्रोमीटर कपाटात होता आणि कपाटाची किल्ली मालकाकडं.

इंजिन जोडलं तेव्हा सगळ्यात जास्त वेळ रिंगांनी खाल्ला. प्रत्येक रिंग लायनरमध्ये घालून, पिस्टनच्या डोक्यानं सरळ ढकलून, तोंडाची फट फीलरनं बघितली. ह्या सेटमधली एक रिंग जवळजवळ तोंडाला तोंड लावून बसत होती. ती तशीच गेली असती तर गरम झाल्यावर फुगून लायनर खरवडला असता. कानशीनं एका बाजूनं हलकेच घासून फट आणली. डिझेलची हवा काढायला नेहमीसारखं : फिल्टरचा स्क्रू सैल, हातपंप मारत राहायचं, बुडबुडे थांबले की आवळायचं, मग नोझलच्या पाइपांचे नट. इंजिन लागलं, ऑइलचा काटा वर चढला आणि गरम झाल्यावरही वरच राहिला. पहिले दिवस नुसती रिकामी ट्रॉली आणि हलकी नांगरट, मग ऑइल बदललं, हेडचे नट पुन्हा आवळले, टॅपेट पुन्हा लावले. चिखलाला उतरवला तेव्हा ब्रीदर गप्प होता.

कुणी जावं? ज्यानं इंजिन स्वतः उघडलंय आणि स्वतःच जोडणार आहे, त्यानं नक्की जावं. "सगळं करून, चालू करून द्या" असं हवं असेल तर हे दुकान तुमचं नाही, ते फिटिंगच्या भानगडीत पडत नाहीत. जाताना क्रँक, दोन्ही रॉड कॅपसकट, नव्या बेअरिंग आणि जुन्या बेअरिंगही न्या, जुन्यांच्या घासणीवरून ते बरंच सांगतात. कॅपांवर आधी पंचानं खुणा करा, अदलाबदल झाली तर रॉड वाया. क्रँक पोत्यात गुंडाळून आडवी टाकू नका, लाकडी खोक्यात नीट बसवून न्या. पंप-नोझलचं काम तिथं होत नाही. मायकोच्या डिझेल पंपाचं विचारलंत तर समोरच्या बाजूला हात दाखवतील, दुसऱ्यांदा विचारलंत तर चिडतील.