बाळाची सुंता: आत्ताच करावी की थांबावं?

घरात धर्माची रीत असेल तर बहुतेकांचं ठरलेलंच असतं. ज्यांच्यावर तसं बंधन नाही, पण आरोग्यासाठी करून टाकावी का या विचारात जे पडलेत, त्यांच्यासाठी मुख्यतः हे लिहिते आहे.

सुंतेच्या बाजूने बोलणारे उगाच बोलत नाहीत. सुंता झालेल्या तान्ह्या मुलांना लघवीचा जंतुसंसर्ग कमी होतो. पण निरोगी मुलांत मुळातच तो शंभरात एखाद्याला होतो. म्हणजे एका बाळाचा संसर्ग टळावा म्हणून शंभराहून अधिक बाळांवर कात्री चालवायची. ज्याला हा त्रास वारंवार होतो किंवा ज्याच्या मूत्रमार्गात जन्मजात दोष आहे, त्याचं गणित वेगळं. तिथे डॉक्टरांनी सुचवलं तर जरूर ऐकावं.

सगळ्यांत वजनदार पुरावा एचआयव्हीचा आहे. दक्षिण आफ्रिका, केनिया आणि युगांडातल्या चाचण्यांत सुंता केलेल्या पुरुषांना स्त्रियांकडून होणारी लागण सुमारे ६० टक्क्यांनी कमी आढळली. त्यावरूनच २००७ साली जागतिक आरोग्य संघटनेने या रोगाचा मोठा प्रादुर्भाव असलेल्या भागांसाठी सुंतेची शिफारस केली. पण चाचण्यांतले ते पुरुष सज्ञान होते, स्वतःहून तयार झाले होते. एवढ्या फायद्यासाठी पाळण्यातल्या बाळाची घाई कशाला?

आता न केल्यास काय होतं ते पाहू. जन्मतः पुढची त्वचा आतल्या भागाला, नख बोटाला चिकटावं तशी चिकटलेली असते. ती हळूहळू आपली आपण सुटते, काहींची तर वयात येताना. तीन वर्षांचा मुलगा लघवी करताना ती फुग्यासारखी फुगते आणि आईच्या पोटात गोळा येतो. धार नीट असेल, दुखत नसेल, तर सहसा काहीच करावं लागत नाही. ती जोर लावून मागे मात्र कधीही ओढू नका. चिरा पडून व्रण धरतो आणि नसलेला आजार मागे लागतो. पुढे घट्टपणा राहिलाच, तर आधी स्टिरॉइडचं मलम देतात. बऱ्याच मुलांचं त्यावरच भागतं.

थांबण्याची किंमतही आहे. मोठ्या मुलाला पूर्ण भूल द्यावी लागते, गुंतागुंतही तान्ह्यापेक्षा अधिक होते. पण बहुतेक मुलांवर ती वेळच येत नाही.

बालरोगतज्ज्ञांच्या अमेरिकी संघटनेने २०१२ मध्ये म्हटलं की फायदे धोक्यांहून जास्त आहेत, तरी सरसकट सगळ्यांची करा म्हणण्याइतके नाहीत, निर्णय पालकांचा. नेदरलँड्सच्या डॉक्टरांच्या संघटनेने २०१० मध्येच वैद्यकीय कारणाशिवाय लहान मुलांची सुंता करू नये अशी भूमिका घेतली होती. मला दुसरी बाजू पटते. शरीर त्याचं आहे, आणि कापलेलं परत जोडता येत नाही.

तरीही करायचीच असेल तर प्रशिक्षित डॉक्टरांकडेच करा आणि जागा बधिर करणार ना, हे स्पष्ट विचारा. साखरेचं पाणी चाटवणं म्हणजे भूल नव्हे. घराण्यात रक्त न थांबण्याचा आजार असेल तर आधीच सांगा. लघवीचं छिद्र टोकाऐवजी खालच्या बाजूला असेल तर सुंता करूच नका, कारण तीच त्वचा पुढे दुरुस्तीला लागते. नंतरच्या दिवसांत जखमेवर पिवळसर पापुद्रा दिसतो. तो पू नसतो, पुसून काढू नका. लंगोट रक्ताने भिजत असेल, ताप आला असेल किंवा बाळाला लघवी झाली नसेल, तर मात्र सकाळची वाट न पाहता दवाखाना गाठा.