जळगाव–पुणे विमान : फैजपूरहून निघणाऱ्यांसाठी

लेक पुण्यात खराडीला राहते, त्यामुळे गल्लीत मला सारखा एकच प्रश्न येतो, "मावशी, विमानानं किती वेळ लागतो?" मोबाईलवर जळगाव–पुणे अंतर सुमारे ३२० किलोमीटर दिसतं. ते सरळ रेषेतलं. ह्या मार्गावरचं पंख्यांचं एटीआर ७२ विमान ताशी पाचशेच्या आसपास जातं, म्हणून आमच्या भाच्यानं चाळीस मिनिटांत पुणे असं जाहीर करून टाकलं! धावपट्टीपर्यंत जाणं, वर चढणं, पुण्यात उतरायची पाळी येणं, हे त्यानं धरलंच नाही. लोहगाव, म्हणजे पुण्याचा विमानतळ, मुळात हवाई दलाचा तळ, तिथं थोडं थांबणं आलंच. तासाभराचा प्रवास धरून चला.

खरा वेळ जातो तो जमिनीवर. फैजपूरहून भुसावळ, मग जळगावातल्या अजिंठा चौफुलीवरून संभाजीनगर रस्त्यानं विमानतळ. घरून निदान तीन तास आधी निघावं लागतं. तरी दुपारचं जेवण लेकीकडे होतं. रेल्वेनं मनमाड–दौंड असा वळसा साधारण पावणेपाचशे किलोमीटरचा, आणि ट्रॅव्हल्सनं अख्खी रात्र. माझे गुडघे आता स्लीपरच्या वरच्या बर्थचं नाव काढू देत नाहीत. पण लेक पार दुसऱ्या टोकाला, हिंजवडीला असती तर पुण्यातल्या ट्रॅफिकनं वाचलेला वेळ खाऊन टाकला असता. विमानतळाजवळच्या खराडी, वाघोली, विमाननगर, ह्यांनाच खरा फायदा.

जागा निवडताना मागची घ्या. एटीआरचं दार मागे असतं, म्हणून आधी उतरता येतं, आणि पंख्याचा घरघराटही कमी. दोन-दोनच्या रांगा, मधली सीट नाहीच. पंख वरच्या बाजूला असल्यामुळे जवळजवळ कुठल्याही खिडकीतून खाली दिसतं. आधी अजिंठ्याचे डोंगर, मग गोदावरीच्या अलीकडची-पलीकडची शेतं. डोक्यावरचा कप्पा मात्र लहान. बामणोदची भरताची वांगी आणि कळण्याचं (ज्वारी-उडदाचं) पीठ मी मोठ्या बॅगेत घालून आत पाठवते. वांगी थोडी दबतात, पण भाजायचीच तर आहेत.

तिकीट काढण्याआधी वार बघा, मगच लेकीला "येते" म्हणा. उन्हाळी-हिवाळी वेळापत्रक बदलतं. २०१२ साली तेव्हाच्या राष्ट्रपती, आपल्या प्रतिभाताई पाटलांच्या हस्ते विमानतळाचं उद्घाटन झालं, नियमित सेवा आली ती लहान शहरं विमानानं जोडणाऱ्या केंद्राच्या उडान योजनेतून २०१७ च्या डिसेंबरात, आणि पुण्याचं हे विमान तर २०२४ मधलं. मधल्या काळात सेवा बंद पडलेल्याही आपण पाहिल्यात.

मुंबईचं विचाराल तर आमचे हे अजून रेल्वेच म्हणतात, आणि इथं मी त्यांच्या बाजूची. विमानाचं अंतर साधारण ३५५, रुळांचं जळगावपासून ४२०. फरक तो कितीसा! भुसावळला रात्री गाडीत बसा, सकाळी दादरला उतरा.