क्रूझर की मोठी टूरर? गुहागरच्या रस्त्यांवरील एका पावसाळ्यानंतरचा अनुभव

रॉयल एनफिल्डची मीटिओर 350 ही क्रूझर घरी येऊन आता एक पूर्ण पावसाळा आणि त्याच्या आगेमागे काही महिने झाले. तिच्याऐवजी ठाण्याच्या साडूंची होंडा गोल्ड विंग टूर, म्हणजे लांबच्या प्रवासाची मोठी टूरर घ्यावी, असाही विचार होता. त्यांना ती काढायची होती आणि घरच्या माणसाला देण्याच्या भावात ते ती देत होते, त्यामुळे किमतीचा मुद्दा माझ्यापुरता गौण होता. नवी गाडी घेणाऱ्याने मात्र एवढे ध्यानात ठेवावे, की 22 सप्टेंबर 2025 पासून 350 सीसीपर्यंतच्या दुचाकींवर 18 टक्के आणि त्यापुढच्या दुचाकींवर 40 टक्के जीएसटी आहे.

माझा निर्णय झाला तो वजनावर. मीटिओर 191 किलोची, तर गोल्ड विंग सुमारे 390 किलोची. महामार्गावर हा फरक मोठ्या गाडीच्याच पथ्यावर पडतो, कारण जड गाडी वाऱ्याला दाद देत नाही; पण गुहागर तालुक्यात राहणाऱ्याला दापोलीकडे जायचे तर धोपावे-दाभोळ फेरी आणि गणपतीपुळ्याकडे जायचे तर तवसाळ-जयगड फेरी गाठावी लागते. ओहोटीच्या वेळी जेटीच्या उताराचा शेवाळलेला भाग उघडा पडतो, आणि बोटीच्या लोखंडी फळीवर चढताना पुढची मोटार मध्येच थांबली, तर आपल्यालाही त्या ओल्या उतारावर पाय टेकून गाडी तोलावी लागते. गोल्ड विंगची बैठक 745 मिलिमीटर उंचीची, म्हणजे मीटिओरच्या 765 पेक्षाही खाली आहे, त्यामुळे पाय व्यवस्थित टेकतात. प्रश्न टेकलेला पाय घसरल्यावर काय, हा आहे. साडूंच्या डीसीटी (क्लच न दाबता गिअर बदलणाऱ्या) गाडीला मागे सरकण्याची सोय आहे आणि सपाट पार्किंगमध्ये ती फार उपयोगी पडते, परंतु शेवाळावर मागच्या चाकालाच पकड मिळाली नाही, तर त्या सोयीचा उपयोग नाही.

आमच्या वाडीचा शेवटचा टप्पा जांभ्याचा आहे. एका बाजूला गडगा, दुसऱ्या बाजूला पऱ्या (ओहोळ), आणि वळण असे, की गोल्ड विंगचा 1695 मिलिमीटरचा व्हीलबेस (दोन चाकांमधले अंतर) तिथे एका दमात वळणे कठीण. मीटिओरचा व्हीलबेस 1400 मिलिमीटर आणि जमिनीपासूनची उंची 170 मिलिमीटर असल्याने पावसाने उघड्या पडलेल्या चिऱ्यांवरूनही ती सहसा पोट न घासता जाते.

तरीही मोठ्या गाडीचे एक श्रेय नाकारता येत नाही, आणि ते किनाऱ्यावर राहणाऱ्यालाच कळेल. तिला चेन नाही, शाफ्ट आहे, म्हणजे मागचे चाक बंदिस्त दांड्याने फिरते. खाऱ्या हवेत आणि पावसाच्या चिखलात चेन ज्या वेगाने गंजते, तो वेग घाटमाथ्यावरच्या मित्रांना सांगून पटत नाही. पावसाळ्यात मी जवळजवळ दर आठवड्याला चेन पुसून तेल देतो, आणि हे काम मला मनापासून कंटाळवाणे वाटते. क्रोमचेही तेच, ज्यांना चकाकी हवी आहे त्यांनी फडके हाती ठेवावे.

ताकदीबद्दल भ्रम नसावा. मीटिओरच्या वीस अश्वशक्तीत मागे पत्नी आणि सामान घेऊन कुंभार्ली घाट चढताना खालचे गिअर धरून राहावे लागते, आणि महामार्गावर ताशी 80-85 च्या पुढे इंजिनाचा स्वभाव बदलतो. त्या वेगात लिटरला 33 ते 35 किलोमीटर मिळतात. सहा सिलिंडरच्या 1833 सीसी इंजिनाला असा चढ जाणवतही नाही, आणि ठाण्याहून आलेले साडू गाडीवरून उतरल्यावर कंबर धरत नाहीत, हे मी पाहिले आहे. वर्षातून चार मोठे प्रवास करणाऱ्या शहरातल्या जोडप्याने मोठीच घ्यावी, असे माझे स्पष्ट मत आहे. मात्र इथे राहून ती वापरायची, तर मागच्या 200 मिलिमीटर रुंदीच्या टायरसाठी किंवा किरकोळ सुट्या भागासाठीही मुंबई-पुण्याकडे पाहावे लागते. माझ्या गाडीचा टायर चिपळुणात मिळतो आणि पंक्चर शृंगारतळीला निघते.

मीटिओर घेणाऱ्याने विंडस्क्रीन आणि मागच्या बैठकीला पाठीचा टेकू पहिल्या पावसाआधीच बसवून घ्यावा. विंडस्क्रीन फार उंच नको. वरून पाहता आले पाहिजे, कारण जूनच्या सरीत तिच्यातून समोरचे काही दिसत नाही.