एएव्हीएसओचा तारा-नकाशा: बेळगाव भागातून वापरताना

१० बाय ५० ची (दहापट मोठं दाखवणारी, ५० मिमी भिंगांची) दुर्बीण असली की रूपविकारी, म्हणजे तेज बदलत राहणाऱ्या, ताऱ्यांसाठी फक्त एकच गोष्ट लागते: शेजारच्या ताऱ्यांच्या खात्रीशीर प्रती (तेजाचे आकडे; आकडा मोठा तितका तारा मंद) लिहिलेला नकाशा. १९११ साली स्थापन झालेली एएव्हीएसओ ही अशा ताऱ्यांच्या निरीक्षकांची अमेरिकन संस्था तो फुकट देते. संकेतस्थळावरच्या ‘व्हेरिएबल स्टार प्लॉटर’मध्ये ताऱ्याचं नाव टाकायचं, नकाशा तयार. लॉगिनही लागत नाही. मात्र फॉर्म न बघता छापलात तर कागद वाया जाईल.

नकाशाचा आवाका अक्षराने ठरतो. ‘ए’ म्हणजे १५ अंश, ‘बी’ ३ अंश, ‘डी’ १ अंश. दुर्बिणीत साधारण साडेसहा अंश आकाश मावतं, म्हणून ‘ए’वर जागा शोधायची आणि ‘बी’वर प्रत ठरवायची. उत्तर वर, पूर्व डावीकडे ठेवा. न्यूटोनियन (आरशाचा) टेलिस्कोप असेल तर दोन्ही उलट. ‘बी’ नकाशा आपणहून ११ व्या प्रतीपर्यंतचे तारे भरतो. शहराच्या उजेडात टिळकवाडीच्या गच्चीवरून त्यातले बरेचसे दिसणारच नाहीत, आकाशगंगेच्या पट्ट्यात तर नुसती गिचमिड होते. मर्यादा ९ करा. जांबोटी-कणकुंबीच्या अंधारात हवी तर वाढवा. प्रिंट लेझरचीच घ्या, थंडीतल्या दवाने इंकजेटची शाई पसरते.

ताऱ्याशेजारी ६३ लिहिलं असेल तर ते ६.३ समजायचं. टिंब मुद्दाम गाळलेलं असतं, नाहीतर तेही तारा वाटेल. आपला तारा ६३ पेक्षा मंद आणि ६८ पेक्षा तेजस्वी, पण ६३ कडे थोडा झुकलेला असेल, तर ६.५ लिहा. लाल ताऱ्याकडे टक लावून बसलात की तो उगाच उजळ वाटू लागतो. फोकस किंचित बिघडवून झटपट नजर टाकावी.

नकाशा ज्याची भरपाई करू शकत नाही तो आपला पावसाळा. तिमिंगल तारकासमूहातल्या मीरा या ताऱ्याचा आवर्तकाल सुमारे ३३२ दिवसांचा, म्हणजे तिचा उजळ काळ दरवर्षी महिनाभर अलीकडे सरकतो. तो जून ते सप्टेंबरात आला की खानापूरकरांनी ते वर्ष सोडून द्यावं. उत्तर मुकुटातला टी कोरोना बोरिआलिस मात्र मे महिन्यात मध्यरात्री जवळजवळ डोक्यावर येतो, तेव्हा चटईवर आडवं होऊनच बघा. १८६६ आणि १९४६ मध्ये भडकलेला हा तारा एरवी दहाव्या प्रतीच्या आसपास असतो. दिसला नाही तरी नोंद होते: जागेजवळचा सर्वांत मंद दिसलेला तारा ९.२ चा असेल तर ‘९.२ पेक्षा मंद’.

नोंद पाठवायला खातं आणि निरीक्षक-संकेत लागतो, तोही फुकट. नकाशाच्या कोपऱ्यातला क्रमांक लिहायला विसरू नका, त्यावरूनच कोणत्या तुलना-प्रती वापरल्या ते कळतं. वेळ जागतिक हवी, म्हणजे घड्याळातून साडेपाच तास वजा. ज्युलियन दिवस, म्हणजे खगोलातली दिवसांची सलग मोजणी, आपल्याकडे संध्याकाळी साडेपाचला बदलतो, त्यामुळे अख्ख्या रात्रीला एकच पूर्णांक पुरतो. जपानमधल्या निरीक्षकाला ही सोय नाही!

धूमकेतूंसाठी हा प्लॉटर अर्धवट आहे. धूमकेतूची त्या रात्रीची विषुवांश-क्रांती (आकाशातल्या जागेचे आकडे) टाकली तर नकाशा निघतो, पण प्रतींचे आकडे तिथे असतीलच असं नाही. असले तरी ठिपक्याची तुलना धुरकट गोळ्याशी होत नाही. धूमकेतूचा गोळा फोकसमध्ये पाहून लक्षात ठेवायचा, मग तारे फोकसबाहेर तेवढेच फुगवून ताडायचे. क्षितिजालगत, २० अंशांच्या खाली, तुलनेचे तारे धूमकेतूइतक्याच उंचीवरचे घ्या. ही नोंद स्लोव्हेनियातून चालणाऱ्या कॉब्स या धूमकेतू-नोंदींच्या संग्रहाकडे पाठवावी.

अतिनवताऱ्यासाठी (स्फोट होऊन उजळलेल्या ताऱ्यासाठी) दुर्बिणीची आशा धरू नका. मे २०२३ मध्ये कोइची इतागाकींनी एम १०१ या दीर्घिकेत शोधलेला एसएन २०२३आयएक्सएफ शिखरावरही जेमतेम ११ व्या प्रतीचा होता. तिथे आठ इंची टेलिस्कोप आणि ‘डी’ नकाशाच हवा; शिवाय त्या दीर्घिकेच्या भुजांत वायूचे उजळ पुंजके आहेत, घाईत त्यांनाच अतिनवतारा समजून बसाल.