घडीचा कॅम्पर ट्रेलर: कापडी घ्यावा की पॅनेलचा?

घडीचा कॅम्पर ट्रेलर, म्हणजे गाडीमागे ओढून न्यायची आणि मुक्कामी उघडून आत झोपायची घडीची खोली, घ्यायचं मनात आलं की चर्चा किमतीवर जाते, नाहीतर ‘आपली गाडी ओढेल का’ यावर. दोन्ही प्रश्न रास्त आहेत. पण मराठवाड्यात राहून हा ट्रेलर वापरायचा असेल तर त्याच्याही आधी एक गोष्ट पाहायला हवी: सहलीहून परत आल्यावर तो पूर्ण उघडून दिवसभर ऊन-वाऱ्यात ठेवायला तुमच्याकडे जागा आहे का? शेतातल्या आखाड्यावर, शेडपुढे, घराच्या मोकळ्या बाजूला, कुठेही चालेल. कापडी ट्रेलर घ्यावा की कडक पॅनेलचा, हे माझ्या मते निम्म्याहून जास्त या उत्तरावर ठरतं.

कापडी ट्रेलर बंद असताना साधारण कमरेएवढी चपटी पेटी असते. हँडल फिरवलं की विंच (केबल गुंडाळणारी चरखी) आणि पोलादी केबलच्या जोरावर, एकात एक सरकणाऱ्या चार खांबांवर छत वर जातं. पुढून आणि मागून पलंग बाहेर ओढायचे. मधल्या भिंती कॅनव्हासच्या. आकाराप्रमाणे चार ते सहा जण झोपतात. पॅनेलवाला उघडल्यावर बाजूने त्रिकोणी दिसतो. छताचे दोन भाग बिजागऱ्यांवर उभे राहतात आणि माथ्यावर एकमेकांत बसतात. मग आत आडव्या असलेल्या दोन त्रिकोणी भिंती उभ्या करायच्या. त्यात दोन मोठी माणसं आणि एखादं लेकरू, एवढीच सोय. ताठ उभं राहता येतं तेही मधोमध.

उघडायला शिकणं

इथे पॅनेलवाला सरळ पुढे आहे. गॅस भरलेल्या दांड्या किंवा स्प्रिंग छताचा भार उचलतात, त्यामुळे काम काही मिनिटांचं असतं आणि एका संध्याकाळी हाताला बसतं. त्यात सांभाळायचा तो वारा. छताचा एक भाग उभा आहे आणि दुसरा अजून खाली आहे, त्या क्षणी उभ्या भागाला आधार नसतो. मे महिन्यात वळवाच्या आधी जी वावटळ सुटते, ती नेमकी तेव्हा आली तर बिजागऱ्या पिरगळतात. म्हणून एकट्याने उघडता येत असला तरी वारा असताना दोघांनीच हात घालायचा.

कापडी ट्रेलरला क्रम पाठ करावा लागतो. आधी गाडी जोडलेली असतानाच एक चाक फळीवर चढवून डावी-उजवी पातळी साधायची. मग चाकांना दोन्ही बाजूंनी ठोकळे. मग गाडी सोडायची. पुढची-मागची पातळी जॉकी चाकाने, म्हणजे ट्रेलरच्या नाकाखालच्या वर-खाली होणाऱ्या छोट्या चाकाने, साधायची. त्यानंतर कोपऱ्यांचे चार पाय टेकवायचे. हे पाय ट्रेलर स्थिर ठेवण्यासाठी असतात, जॅकसारखं वजन उचलण्यासाठी नाहीत. त्यांच्यावर ट्रेलर उचलला तर चौकट वाकते आणि पुढे दार कधीच नीट बसत नाही. एवढं झालं की छताच्या चारही खिट्ट्या काढायच्या आणि हाताने चाचपून खात्री करायची. एक खिट्टी लागलेली असताना हँडल फिरवलं तर केबल ताणली जाते, खांब वाकतो, आणि हा या ट्रेलरमधला सर्वांत महागडा बिघाड आहे. छत ठरलेल्या खुणेपर्यंतच न्यायचं. मग पलंग, लगेच पलंगाखालचे आधाराचे दांडे, आणि ते बसल्याशिवाय कोणी पलंगावर चढायचं नाही. लेकरांना हे पहिल्या दिवशीच सांगून ठेवा, कारण उघडा पलंग दिसला की त्यांना धीर निघत नाही.

बंद करताना हाच क्रम उलटा, पण जास्त सावकाश. छत खाली येताना कापड बाहेरच्या बाजूला लोंबतं आणि पेटीच्या कडेत चिमटतं. एकाने हँडल फिरवायचं, दुसऱ्याने चारी बाजूंनी फिरून कापड आत सारायचं. आतली हवा निघून जायला एक खिडकी थोडी उघडी ठेवायची, नाहीतर कापड फुगून बाहेर येतं. हे सगळं घरच्या अंगणात निवांत दोन-तीनदा करून मगच बाहेर पडा.

ओढायला शिकणं

या बाबतीत दोन्ही ट्रेलर सारखेच, आणि आपल्या भागातल्या माणसाला इथे मोठा फायदा आहे. ज्याने ऊस किंवा सोयाबीन भरलेली दोन चाकी ट्रॉली बाजार समितीच्या गर्दीत मागे घेतली आहे, त्याला रिव्हर्स शिकवावा लागत नाही. शहरातल्या माणसाने इतकंच ध्यानात ठेवावं: हात स्टिअरिंगच्या खालच्या बाजूला धरायचा, मग हात ज्या बाजूला जाईल त्या बाजूला ट्रेलरचं मागचं टोक जातं. लहान ट्रेलर लांब ट्रॉलीपेक्षा लवकर वळतो, म्हणून हालचाल थोडी-थोडीच.

ट्रॉलीवाल्यांनाही एक गोष्ट नव्याने शिकावी लागते: बॉलवर, म्हणजे गाडीमागच्या जोडणीच्या गोळ्यावर, पडणारं वजन. ट्रेलरच्या एकूण वजनाच्या साधारण दहावा हिस्सा पुढच्या हुकावर यायला हवा, आणि तो गाडीच्या मर्यादेत बसायला हवा. पाण्याचे कॅन, स्टोव्ह, खुर्च्या सगळं मागे भरलं की नाक हलकं होतं आणि वेग वाढल्यावर ट्रेलर शेपटी हलवू लागतो. तसं झालं तर जोरात ब्रेक दाबू नका, स्टिअरिंग झटकू नका. पाय अॅक्सिलरेटरवरून काढा आणि गाडी सरळ धरून वेग उतरू द्या. समृद्धीवर जालन्याच्या पुढे रस्ता सरळ लागतो आणि पाय आपोआप जड होतो. ट्रेलर मागे असताना तिथेही 80 च्या आतच राहावं, विशेषतः दुपारी, कारण तापलेला रस्ता आणि कमी हवेचं टायर ही जोडी ट्रेलरच्या छोट्या चाकांना झेपत नाही. हवा तपासायची ती सकाळी, टायर थंड असताना.

देखभाल: इथे खरा फरक पडतो

कापडी ट्रेलरचा एकच मोठा शत्रू, ओल. कॅनव्हास ओला असताना घडी घातला तर एक-दोन दिवसांत बुरशी धरू शकतो, आणि ते काळे ठिपके मग जात नाहीत. ओल म्हणजे फक्त पाऊस नव्हे. डिसेंबर-जानेवारीत गौताळ्याकडे किंवा पैठणला नाथसागराच्या काठी मुक्काम केला, तर सकाळी कापडावर दव असतं आणि आतून माणसांच्या श्वासाचा दमटपणा असतो. नऊ-दहापर्यंत ऊन लागू द्यायचं, मगच घडी. घाई असली तर ओलाच बंद करा, पण घरी आल्यावर त्याच दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी उघडायलाच हवा. सुरुवातीला जागेचा प्रश्न काढला तो यासाठी. संभाजीनगरात तिसऱ्या मजल्यावर फ्लॅट आणि खाली एका गाडीचं पार्किंग असेल, तर कापडी ट्रेलर पहिल्याच पावसाळ्यात खराब होईल. गावी शेड आणि अंगण असेल तर ही अडचणच उरत नाही.

नवं सुती किंवा सुतीमिश्रित कॅनव्हास पहिल्या पावसात शिवणीतून पाझरतं. ते सदोष नसतं. पाणी लागल्यावर धागे फुगतात आणि सुईची भोकं बुजतात, म्हणून दोन-तीनदा पूर्ण भिजवून पूर्ण वाळवावं लागतं. टँकरच्या दिवसांत यासाठी पाणी वाया घालवू नका. मृगाचा पाऊस आला की अंगणात उघडून ठेवा, काम आपोआप होतं. प्लास्टिकचा थर दिलेल्या कापडाला हे लागत नाही, त्यामुळे कापड कोणतं आहे ते विक्रेत्याला आधी विचारा. धुताना साधं पाणी आणि मऊ ब्रश. कपड्याच्या पावडरने पाणी अडवणारा लेप निघून जातो.

मग उंदीर. सोयाबीन, तूर किंवा ज्वारीच्या थप्पीशेजारी घडी घातलेला कॅनव्हास ठेवला, तर उंदराला धान्याजवळच मऊ घर मिळतं. धान्याच्या खोलीपासून लांब ठेवा आणि महिन्यातून एकदा तरी उघडून बघा. खांबांना आणि पलंगाच्या पट्ट्यांना ग्रीस लावू नका; आपल्याकडची धूळ ग्रीसवर बसून घासकागदासारखी काम करते. तिथे कोरडा सिलिकॉन स्प्रे. विंचच्या केबलवर चिंधी फिरवा. चिंधीचा धागा कुठे अडकला, तर तिथली तार तुटलेली आहे आणि केबल बदलायची वेळ आली आहे.

पॅनेलवाल्याला ही रोजची निगा नाही. ओला असताना बंद केला तरी आत दमट गादी नसली म्हणजे झालं. पण त्याचं दुखणं लपून वाढतं. छतावरचा झरोका, स्क्रू, कडेचा सीलंट यांतून पाणी पत्र्याच्या किंवा फायबरच्या आत शिरतं आणि आतली प्लाय कुजवतं. बाहेरून काही दिसत नाही. म्हणून पावसाळ्याआधी आणि नंतर कडा, कोपरे, झरोक्याभोवतीची जागा तळहाताने दाबून पाहायची. कुठे दबलं, मऊ लागलं, तर ताबडतोब सीलंट खरवडून नवा भरायचा. दोन भागांमधल्या रबराच्या पट्ट्या आपल्या उन्हात कडक होऊन चिरतात. त्या पुसून सिलिकॉन लावत राहावं लागतं, आणि जोडाची पट्टी त्याच मापाची मिळेल का हे घेण्याआधी विचारावं लागतं. कापड फाटलं तर ताडपत्री शिवणारा कारागीर लातूर, नांदेड, परभणी कुठेही सापडतो. पॅनेल फुटलं तर बनवणाऱ्याकडेच जावं लागतं. मला हा मुद्दा फार महत्त्वाचा वाटतो.

चाकांचं काम दोन्हींत एकच. वर्षातून एकदा बेअरिंग काढून, धुऊन, नव्या ग्रीसने भरायची. ट्रॅक्टरच्या कोणत्याही मिस्त्रीला हे येतं, फक्त एक विनंती करा: बेअरिंगचा नट ट्रॉलीसारखा करकचून आवळू नका. चाक फिरवत नट हलका आवळायचा, थोडा मागे घ्यायचा आणि नवी स्प्लिट पिन घालायची. प्रवासात थांबलात की चाकाच्या मधल्या भागाला हात लावून बघा. कोमट ठीक, हात ठेववत नसेल तर बेअरिंग सुकली आहे किंवा जास्त आवळली आहे. नव्या ट्रेलरचे चाकाचे नट पहिल्या 80-100 किलोमीटरनंतर पुन्हा तपासायचे. आणि दोन्हींची फरशी प्लायची असेल तर काळ्या मातीवर उभा ठेवू नका. वाळवी चाकावरूनही चढते.

ऊन, धूळ, गारा

एप्रिल-मेमध्ये पारा 40 च्या वर असताना दोन्हींत दुपारी बसवत नाही. पण पॅनेलमध्ये फोम असेल तर रात्री छोटा एसी उपयोगी पडतो. कापडातून गारवा टिकत नाही. उलट थंडीत आणि पावसाळ्याच्या उघडिपीत कापडी ट्रेलरच्या चारी जाळ्या उघडल्या की जी हवा फिरते, ती पॅनेलच्या छोट्या खिडक्यांतून मिळत नाही. कच्च्या रस्त्यावरची धूळ दोन्हींत शिरते, पॅनेलमध्ये कमी. फेब्रुवारी-मार्च 2014 ची गारपीट ज्यांनी पाहिली त्यांना सांगायला नको: गारांचा अंदाज असला की दोन्ही बंद करून शेडात. काळ्या रानात मात्र दोघांची गत एकच. पाऊस पडल्यावर चिखल चाक आणि मडगार्डच्या मध्ये भरून चाक फिरेनासं होतं. मुक्काम मुरमाच्या जागेवर करा आणि कोपऱ्यांच्या पायांखाली रुंद फळ्या टाका.

स्वयंपाकाबद्दल माझं मत पक्कं आहे: दोन्हींपैकी कशातही बंद दार-खिडक्यांत गॅस पेटवू नये. कापडाला आगीची भीती, आणि बंद केलेल्या दोन्हींत कार्बन मोनॉक्साइड या विषारी वायूची, ज्याचा वासही येत नाही. सिलिंडर उभा, बाहेर. जोडणी साबणाच्या पाण्याने तपासलेली.

कागद

ट्रेलरलाही नोंदणी, नंबर आणि विमा लागतो. खासगी वापराचा कॅम्पर ट्रेलर केंद्राच्या वाहनप्रकारांच्या यादीत बिगर-वाहतूक गटात येतो, तरी पैसे देण्याआधी विक्रेत्याकडून मंजुरीचे कागद घेऊन आपल्या आरटीओत दाखवा. गावातल्या फॅब्रिकेशनवाल्याकडून बनवून घेण्याचा मोह होतो, चौकट मजबूतही होते, पण नोंदणी तिथेच अडते. शिवाय गाडीच्या पुस्तिकेत ओढण्याचं वजन दिलेलं नसेल तर कंपनीकडून लेखी घ्या.

मग कोणी काय घ्यावं?

नवरा-बायको दोघंच, शहरात राहणारे, शनिवारी निघून रविवारी रात्री परतणारे, नळदुर्ग, माहूर, औंढा असं एका रात्रीचं फिरणारे असतील, तर पॅनेलवाला. उघडायला-मिटायला वेळ जात नाही, ओल्याची चिंता नाही.

मुलंबाळं, आई-वडील बरोबर असतील, घरामागे किंवा शेतात जागा असेल आणि एका ठिकाणी दोन-तीन रात्री राहायचं असेल, तर मी कापडी सुचवेन, आणि मनापासून सुचवेन. येळवशीला (वेळ अमावस्येला) लातूर-धाराशिवकडे सगळं घर शेतात जातं; कोपीपुढे पूजा, आंबील, भज्जी, आणि संध्याकाळी परतायची घाई. म्हाताऱ्या माणसांना दुपारी पाठ टेकायला आणि रात्री शिवारातच राहायला कापडी ट्रेलरइतकी ऐसपैस सोय दुसरी नाही. हुरड्याच्या दिवसांतही तेच. त्याची जास्तीची निगा अशा घराला जड जात नाही, कारण ताडपत्री वाळवून ठेवणं, ग्रीस भरणं, उंदरांपासून माल राखणं ही कामं तिथे रोजची आहेत.

कोणताही घ्या, ताबा मेअखेरीस घ्या. कापड पहिल्या पावसात मुरेल, आणि पॅनेल कुठे गळत असेल तर ते वॉरंटी ताजी असताना कळेल. ताबा घेताना विक्रेत्याचा माणूस भराभर उघडून दाखवतो. ते बघून घरी येऊ नका. त्याला बाजूला उभं करा, तुम्ही स्वतः उघडा, स्वतः मिटा, आणि घरातला जो दुसरा माणूस बरोबर येणार आहे त्याच्याकडूनही एकदा करून घ्या. आवारातच जोडून-सोडून दिवे, इंडिकेटर, सुरक्षा साखळी तपासा. मिटताना कापड कुठे चिमटतं किंवा पॅनेलची कोणती कड घासते, ते तिथेच त्याला दाखवून लेखी नोंद घ्या.