धंतोलीतील मनोविकार चिकित्सालय : मंत्रचळावरील उपचारांचा अनुभव

माझ्या पत्नीच्या मंत्रचळावर, म्हणजे नको ते विचार पुन्हा पुन्हा येऊन त्यांपायी तीच कृती पुन्हा पुन्हा करायला लावणाऱ्या, आता सर्रास ओसीडी म्हणतात त्या आजारावर, नागपुरात धंतोलीतील एका खासगी चिकित्सालयात गेले दहा महिने उपचार चालू आहेत. हा अभिप्राय मी तिच्या संमतीने आणि मजकूर तिला वाचून दाखवून लिहीत आहे. त्यात एक तक्रारही मांडायची असल्यामुळे चिकित्सालयाचे नाव देत नाही.

आमच्याकडे हा आजार ओळखण्यातच अकरा वर्षे गेली, कारण सगळ्यांनी ते सोवळेच मानले. सीताबर्डीच्या बाजारातून कोणीही आले की आधी आंघोळ, भाजी चार पाण्यांनी धुवायची, मे महिन्यात दुपारपर्यंत टाकी रिकामी आणि तिच्या हातांना भेगा पडून रक्त येत असे, तरी नातेवाईक तिच्या टापटिपीचे कौतुकच करीत. मध्यंतरी ज्या समुपदेशकाकडे गेलो, त्यांनी मन दुसरीकडे वळवायला आणि सकारात्मक विचार करायला सांगितले. त्यात आणखी दोन वर्षे गेली.

धंतोलीच्या डॉक्टरांनी पहिल्याच भेटीत हात किती वेळा धुता हे न विचारता, धुतले नाहीत तर काय होईल असे वाटते, हे विचारले. माझ्यामुळे मुलांना काहीतरी होईल, असे ती म्हणाली. मग त्यांनी अगदी शांतपणे विचारले की, कोणाला सांगायची लाज वाटावी असे काही चित्र मनात येते का. "अनेकांना येते, म्हणून मी सर्वांनाच विचारतो," असेही ते म्हणाले. तेव्हा मला पहिल्यांदा कळले की आमची विळी माळ्यावर का गेली होती. तिच्या पात्याने आपल्या हातून मुलाला इजा होईल, हे दृश्य तिला दिवसातून कितीतरी वेळा दिसत असे आणि आपण राक्षसीण आहोत, अशी तिची खात्री झाली होती. हे विचार म्हणजे इच्छा नव्हे, ज्या गोष्टीची माणसाला सर्वांत अधिक किळस वा भीती असते नेमकी तीच हा आजार पुढे करतो, हे डॉक्टरांनी समजावून सांगितले. ती परतताना रिक्षात रडत होती, पण अकरा वर्षांत इतकी मोकळी मी तिला पाहिली नव्हती. या एका प्रश्नासाठी मी या चिकित्सालयाला पूर्ण गुण देतो.

त्यानंतर या आजाराची तीव्रता मोजणाऱ्या येल-ब्राउन मापनश्रेणीवर तपासणी झाली. तिच्यात दहा प्रश्न असून एकूण गुण ० ते ४० असतात. पत्नीला २७ मिळाले, म्हणजे आजार तीव्र होता. सर्ट्रालिन हे औषध ५० मिलिग्रॅमपासून सुरू करून हळूहळू १५० पर्यंत नेले. नैराश्यापेक्षा या आजारात मात्रा बहुधा जास्त लागते आणि परिणाम दिसायला आठ ते बारा आठवडे जातात, हे आधीच सांगितल्यामुळे सुरुवातीच्या मळमळीला घाबरून आम्ही औषध सोडले नाही.

खरे काम मात्र मानसशास्त्रज्ञ बाईंच्या खोलीत झाले. भीतीला सामोरे जायचे आणि नेहमीची कृती करायची नाही, अशी ही उपचारपद्धती १९६६ मध्ये मानसशास्त्रज्ञ व्हिक्टर मेयर यांनी प्रथम वर्णिली. ती इथे नुसती सांगत नाहीत, करून घेतात. भीतीची उतरंड पत्नीनेच लिहिली. आधी चपलांच्या मांडणीला हात लावून तासभर न धुता बसणे, नंतर भाजीवाल्याकडून आलेली नोट हाताळणे आणि अगदी शेवटी, मुले घरात असताना विळीवर दोडका चिरणे. मलाही दोन सत्रांना बसवले. तिने "काही होणार नाही ना?" असे विचारले की मी दर वेळी "नाही" म्हणत होतो आणि बाहेरून आल्यावर निमूटपणे आंघोळ करीत होतो, ही माझी माया आजाराचेच खतपाणी होते, हे ऐकताना फार जड गेले. आता ती विचारते तेव्हा मी उत्तर देत नाही, शेजारी बसतो. चौदा सत्रांनंतर गुण १२ वर आले.

तक्रार स्वागतकक्षाविषयी आहे. तेथील कर्मचाऱ्यांनी भरलेल्या प्रतीक्षागृहात आजाराचे नाव मोठ्याने उच्चारून फाइल मागितली. अकरा वर्षे लपवलेली गोष्ट सांगायला आलेल्या माणसाशी असे वागणे अक्षम्य आहे. डॉक्टरांकडे लेखी तक्रार केल्यावर आता क्रमांकाने बोलावतात. वेळ घेऊनही दीड तास थांबावे लागते, हे मात्र बदललेले नाही.

एका सत्राचे बाराशे रुपये सर्वांना परवडणारे नाहीत. ज्यांना शक्य नसेल त्यांनी नागपुरातील मेडिकल किंवा मेयो या सरकारी रुग्णालयांच्या मनोविकार विभागात दाखवावे. कुठे जायचे हेच सुचत नसेल, तर १४४१६ या टेलिमानसच्या, म्हणजे मानसिक आरोग्यासाठीच्या सरकारी दूरध्वनी सेवेच्या, विनामूल्य क्रमांकावर आधी बोलता येते. कुठेही गेलात तरी पहिल्याच भेटीत विचारा की भीतीला सामोरे जाण्याची ही सत्रे तिथे प्रत्यक्ष घेतात का, आणि घरच्यांना त्यात बसवतात का.